दिशा ठरवणे, शनिवारच्या आत

माणूस ओळखायचा तर त्याचं तोंड बघू नये, खिसा बघावा, असं मावशींचं मत होतं. आणि मावशींचं मत म्हणजे त्या गल्लीतला कायदा. तीस वर्षं लॉन्ड्री चालवलेली बाई. धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी त्यांच्या हाताखालून जाई, त्याचे खिसे उलटे होत, आणि मगच त्याला पाणी लागे. शाळा चौथीत सुटली होती, पण सिगारेट सोडल्याचं बायकोला कोण खोटं सांगतो, कुणाला डॉक्टरांनी कसल्या गोळ्या दिल्यात, कुठला मास्तर आजारपणाची रजा टाकून एकटाच सर्कस बघून आला, हे सगळं त्यांना खिशांनी सांगितलेलं असे. तोंड खोटं बोलतं, खिसा बोलत नाही, असं त्या म्हणत. सापडलेली वस्तू पाकिटात घालून, पावतीला टाचून, ज्याची त्याला प्रामाणिकपणे परत देत. वस्तू परत देत, माहिती ठेवून घेत.

एकाच खिशाचा त्यांना उलगडा होत नसे. तो पोटच्या पोराचा.

चिरंजीवांचं वय अठ्ठावीस. काम म्हणाल तर लॉन्ड्रीचे कपडे सायकलवरून घरोघर पोचवणे. सायकल आरशासारखी लखलखीत, कपडे मात्र दोन दिवस उशिरा. आणि खिशात काय, तर याद्या! दुकानाच्या गुलाबी पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलेल्या. आज करायची कामं. या महिन्यात करायची कामं. पुढच्या पाच वर्षांत करायची कामं. 'लवकर उठणे' हे काम सकाळी दहाला उठून लिहिलेलं असे. एका यादीत तर पहिलंच काम होतं 'यादी करणे', आणि तेवढ्या एकापुढे झाल्याची खूण होती. मावशींनी जन्मात यादी केली नव्हती. काम दिसलं की करायचं, माणूस दिसला की बोलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. यादी करणारा माणूस म्हणजे जेवायचं सोडून ताटच पुसत बसणारा, असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवत, चिरंजीव मागे उभे असताना.

तरी त्यांनी पोराचं सगळं ठरवून टाकलं होतं. एक तारखेपासून चिरंजीव गल्ल्यामागच्या खुर्चीत बसणार, आणि मावशी आत बसून फक्त हुकूम सोडणार. गुडघे आता उभं राहू देत नव्हते. ही बातमी त्यांनी दूधवाल्याला सांगितली, पोस्टमनला सांगितली, समोरच्या शिंपिणीला दोनदा सांगितली. चिरंजीवांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. पण त्यात सांगायचं काय? ज्याचं लग्न त्यालाच पत्रिका कशाला?

शुक्रवारी सकाळी चिरंजीवांचा निळा शर्ट टबाशी आला. मावशींनी सवयीने खिसा उलटा केला, यादी निघाली, आणि त्या ती नेहमीसारखी चुरगाळणार तेवढ्यात पहिल्या ओळीवर नजर अडकली. त्या अक्षराला अक्षर जोडून वाचत, पण वाचलेलं विसरत नसत.

'१. दिशा ठरवणे. शनिवारच्या आत.'

मावशी टबाच्या कडेवर बसल्या. दिशा! म्हणजे अखेर पोरगी मिळाली म्हणायची या सुस्तोबाला. नाव काय गोड होतं. आणि कारभार बघा, आईला पत्ता नाही आणि ठरवायला निघालेत, तेही उद्याच्या आत!

'२. चेन घेणे. आजच.'

सोन्याची. आईच्या गळ्यात तीस वर्षं काळा दोरा, आणि कालच्या पोरीला चेन.

'३. दोन दिशा आहेत. एकच निवडता येईल.'

इथे मावशींनी यादी लांब धरली, मग जवळ धरली. दोन? ज्याला एक मोजा सापडला तर दुसरा सापडत नाही, त्याने दोन जमवल्या, आणि त्याही एकाच नावाच्या? रागावर थोडासा अभिमानही चढला, तो त्यांनी खाली दाबला.

'४. बाबा जन्मभर एकाच दिशेला चिकटून राहिले. सुखी झाले?'

मावशींच्या हातातून साबणाचा डबा सुटला. वाचण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा वाचलं. चूक कसली! रमेला, उमेला, तसं दिशेला. बाईचंच नाव. आणि जन्मभर चिकटून!

'५. आईला सांगणे. (धीर आला की.)'

बरोबर आहे, मावशी मनात म्हणाल्या. बापाच्या भानगडी पोराने आईला सांगायच्या म्हणजे धीर लागणारच.

दुसरी एखादी बाई रडत बसली असती. मावशींनी हात पुसले आणि पावतीपुस्तक उघडलं. गल्लीत कुणी दिशा असेल तर तिने कधी ना कधी कपडे टाकले असणारच. माणूस देवाला चुकेल, धोब्याला चुकत नाही. एकविसाव्या पानावर ती सापडली. 'दातांचा दवाखाना, पांढरे कोट चार, हस्ते दिशा.' पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. आणि कोट आणायला-पोचवायला प्रत्येक वेळी कोण, तर आपलेच चिरंजीव. पोराची दिशा सापडली. दुसरी कोण ते मागाहून बघता आलं असतं. आता नवऱ्याची शोधायची होती.

काका आतल्या टेबलावर इस्त्री करत होते. मावशी बोलत आणि काका इस्त्री करत, अशी संसाराची वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती. मावशी टेबलासमोर उभ्या राहिल्या. नेहमी त्या विषयाला हात घालायच्या आधी दहा मिनिटं इकडची तिकडची बडबड करत. आज सरळ विचारलं.

"अहो, खरं सांगा. लग्नाआधी तुमची एखादी दिशा होती?"

काकांची इस्त्री थांबली. एवढ्या वर्षांत त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"होती," ते हळूच म्हणाले. "पण लग्न झालं, हे दुकान गळ्यात आलं, आणि ती सुटली. अजून येते कधीकधी मनात."

"अजून?"

"संध्याकाळची. पण आता या वयात काय करायचं तिचं?"

मावशींना बोलायला शब्द सापडेना, हे पहिल्यांदाच घडलं. त्याची भरपाई वासाने केली. इस्त्रीखालून धूर आला. काकांनी ती उचलली तेव्हा पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर तिचं टोक तपकिरी रंगात छापलं गेलं होतं. कोट दातांच्या डॉक्टरांचा होता.

एरवी मावशींनी त्या डागावर आठवडाभर भाषण केलं असतं. आज त्यांना तो वरदान वाटला. दवाखान्यात जायला निमित्त हवंच होतं. नवऱ्याचा निकाल घरी कधीही लावता आला असता, पोराला मात्र उद्याची मुदत होती. आणि डोक्यात सगळ्यात मोठा किडा हा, की पोरगी तालेवार निघाली आणि पोराला घेऊन वेगळी झाली तर? मग एक तारखेला खुर्चीत बसणार कोण? सून बघायची, पसंत पडली तर घरात आणायची, पण पोरगा दुकानातून हलू द्यायचा नाही. मावशींनी कॉलर आत दुमडली, कोटाची घडी अशी घातली की डाग पोटात गेला, आणि केसांवरून पाण्याचा हात फिरवून निघाल्या.

दवाखान्यातली ती मुलगी दाराशी लहानशा टेबलामागे बसून पेशंटना नंबराच्या चिठ्ठ्या देत होती. मावशींनी एका नजरेत तिचं माप घेतलं. वेणी घट्ट, अक्षर मोठं आणि सरळ, टेबलावर धूळ नाही. कोट हातात घेताना तिने घडी मोडली नाही, तशीच कपाटात ठेवली, याचे मावशींनी जादा गुण दिले. जरा बसते म्हणाल्या, तर मुलीने नम्रपणे सांगितलं, की जागा कमी आहे, बसायला फक्त पेशंटना देतो.

"मग मी पेशंटच," मावशी म्हणाल्या. "दाढ दुखतेय."

"कुठली, मावशी?"

मावशींनी अंदाजाने डाव्या गालावर हात ठेवला. मुलीने चिठ्ठी दिली, सात नंबर. सात नंबर येईपर्यंत मावशींनी मुलाखत उरकली. घरी कोण कोण, सकाळी किती वाजता उठतेस, राग आला तर बोलतेस की घुसमटतेस, कपड्याला डाग पडला तर आधी गार पाणी की गरम. मुलगी चिठ्ठ्या देता देता सगळ्याची उत्तरं देत राहिली. तिला वाटलं, म्हातारी घाबरलीय, बोलून मन रमवतेय. आणि दाढेचं कुणी विचारलं की मावशी मध्येच कण्हत. बाकीच्या पेशंटना त्यांनी त्या दुखण्याचं असं वर्णन केलं, की गाल सुजलेल्या एका गृहस्थांनी स्वतःचा पाच नंबर त्यांना देऊ केला.

म्हणजे त्या दोन नंबर आधीच खुर्चीत गेल्या. तपासतील, गोळी देतील आणि सोडतील, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टरांनी आरसा घातला, आत डोकावले, आणि डाव्या बाजूची शेवटची दाढ आतून पोखरली असल्याचं सांगितलं. कसं सोसलंत म्हणाले. आता खरं सांगावं तर बाहेरचा अख्खा बाक मावशींच्या कण्हण्याला साक्षी होता. आणि मावशी आयुष्यात कधी खोट्या पडल्या नव्हत्या, निदान कुणी पकडलं नव्हतं.

"काढा," त्या म्हणाल्या.

सुई टोचली. पाच मिनिटांनी अर्धं तोंड परक्याचं झालं. जीभ, जिच्या धाकाने गल्लीतली कुत्रीसुद्धा दबकून चालत, ती ओल्या टॉवेलसारखी पडून राहिली. दाढ निघाली. जागी कापसाचा बोळा बसला. डॉक्टरांनी बजावलं, की पाऊण तास दात घट्ट दाबून बसायचं, तोंड उघडायचं नाही, बोललात तर रक्त थांबणार नाही.

मावशी बाहेर येऊन बाकावर बसल्या. पण मुदत उद्याची होती आणि पोरगी समोर होती. रक्ताचं काय, ते अंगात भरपूर होतं. त्यांनी मुलीला खुणेने जवळ बोलावलं आणि ओठांच्या फटीतून विचारलं, की माझ्या घरी सून म्हणून येशील का. निदान त्यांनी तसं विचारलं. बाहेर पडलं ते एवढंच:

"आझ्या घरी... फून... फून..."

"घरी फोन?" मुलगी म्हणाली. "करते ना. न्यायला कुणीतरी यायलाच हवं. तुमच्या मुलालाच बोलावते."

आणि तिने नंबर न बघता, पाठ असल्यासारखा फिरवला. मावशींनी ते बरोबर टिपलं. कोट दर आठवड्याला उशिरा येत आणि ती दर आठवड्याला त्याच नंबरावर तक्रार करी, हे त्यांना कुठून कळणार?

दहा मिनिटांत चिरंजीव सायकल दामटत आले. हात तेलाने काळे. आई बाकावर, तोंड बंद, गाल फुगलेला, हे दृश्य बघून ते दारातच थबकले. मावशींनी पिशवीतून ती यादी काढून त्यांच्यापुढे धरली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट टेबलामागच्या मुलीकडे रोखलं.

चिरंजीवांनी मुलीकडे पाहिलंच नाही. त्यांचं रक्त यादी बघूनच आटलं होतं. ते खाली, आईच्या पायाशी उकिडवे बसले.

"वाचलीस तू," ते म्हणाले. "मीच सांगणार होतो. आई, माझं काही ठरत नाहीये गं. सकाळी उठतो आणि कुठल्या दिशेला जायचं तेच कळत नाही. म्हणून लिहीत बसतो. लिहिलं की वाटतं, काहीतरी झालं."

मावशींनी दात दाबून धरले. कुठल्या दिशेला? कुठल्या?

मग चिरंजीव बोलायला लागले. शाळेतल्या मित्राने दुसऱ्या गावी सायकली बनवायचा लहानसा कारखाना काढला होता. तयार भाग जोडायचे नाहीत, गिऱ्हाइकाच्या अंगाच्या मापाने नळी कापून, वाकवून, जोडून सायकल करायची. मित्र वर्षभर बोलावत होता, आता म्हणाला होता, शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांग. एका दिशेला तो कारखाना, दुसऱ्या दिशेला दुकान. बाबा जन्मभर दुकानाच्याच दिशेला चिकटले, त्यांना बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचं होतं. त्यांचं राहून गेलं, तसं आपलं होईल, याची चिरंजीवांना धास्ती होती. पण दुकान सोडलं तर आईच्या गुडघ्यांचं काय, याची त्याहून मोठी. नमुन्याला एक सायकल बनवून न्यायची होती, तिची चेन तेवढी आज घ्यायची होती.

एकेका वाक्याबरोबर मावशींच्या डोक्यातल्या बायका चालत्या झाल्या. पहिली गेली, दुसरी गेली, काकांची जन्मभराची गेली, ती जाताना मात्र हातात क्लॅरिनेट घेऊन गेली. एका बाजूने छातीवरचा दगड उतरला. दुसऱ्या बाजूने त्याहून मोठा चढला. सून परवडली असती. पोरगा चाललाच होता.

आणि गंमत अशी, की त्या वेळी मावशी दगड विसरून पोराकडेच बघत होत्या. अकरा मिनिटं तो एकसलग बोलत होता. काळ्या हातांनी हवेत नळी वाकवून दाखवत होता, चाकाला तार कशी ताणायची ते बोटांनी दाखवत होता. हा मुलगा एवढं बोलतो? घरी तर याच्या तोंडून 'हो' आणि 'बघतो' याशिवाय शब्द निघत नसे. मग त्यांच्या लक्षात आलं, की घरी 'बघतो'नंतर त्याला जागाच मिळत नसे. तिथे त्यांचं वाक्य सुरू झालेलं असे.

"तुझ्यापुढे मला हे कधी सांगताच आलं नसतं," चिरंजीव म्हणाले. "आज तू शांतपणे ऐकून घेतलंस. आता तू सांगशील ते मी करेन. नाही म्हणालीस तर नाही. जाऊ?"

उत्तर तयार होतं. कडक इस्त्री करून, घडी घालून, जिभेवर ठेवलेलं होतं. अरे गाढवा, लोकांच्या सायकली जोडत हिंडणार, आणि तीस वर्षांचं हे दुकान काय उंदरांना द्यायचं? फक्त कापूस काढायची खोटी होती. पाऊण तासातली बारा मिनिटं उरली होती. तेवढं थांब, मग सांगते, असं बजावायला मावशींनी हात वर केला आणि पंजा उघडून पोराच्या डोक्यासमोर धरला. हिरडीतली भूल उतरत होती, कळ मस्तकात गेली, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मग गाल सुजलेल्या गृहस्थांनी रुमाल काढला. "आईचा आशीर्वाद," ते शेजारच्याला म्हणाले.

चिरंजीवांनी वर उचललेला तो हात दोन्ही हातांत धरला, आपल्या डोक्यावर टेकवला, आणि ते उठले. मावशी जोराने मान हलवायला लागल्या. पण कापूस पडू नये म्हणून हनुवटी धरून ठेवल्यामुळे मान आडवी हलायची ती उभी हलली. आता तर शंकाच उरली नाही. चिरंजीव दाराबाहेर गेले, आणि काचेतून ते मित्राशी फोनवर बोलताना दिसायला लागले. बोलता बोलता ते हसले. अख्खे दात दाखवून हसले. ते हसू मावशींनी शेवटचं कधी पाहिलं होतं, हे त्यांना आठवेना, आणि त्यांना सगळं आठवत असे.

बारा मिनिटांनी मुलीने कापूस काढला. मावशींनी जीभ वळवून बघितली. वळत होती. उत्तर अजून तसंच, घडी न मोडता होतं. चिरंजीव सायकल धरून उभे होते, आईला मागे बसवून घरी न्यायला. एक वाक्य टाकलं असतं तर ते तिथल्या तिथे थांबले असते, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

"फार वळणं घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "दाढ ठणकतेय."

गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली. शिंपीण म्हणाली, मावशी, मन मोठं तुमचं. पोस्टमन म्हणाला, अशी आई सगळ्यांना मिळो. संध्याकाळपर्यंत दोन बायका आपापल्या पोरांना घेऊन सल्ला विचारायला आल्या, आणि मावशींनी त्यांना गालावर हात ठेवून सांगितलं, की मुलांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्यावं, आपण मध्ये बोलू नये. सांगता सांगता त्यांना ते पटायलाही लागलं होतं.

दुकान बंद करताना काकांनी शेवटचा शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

"तू खरंच त्याला जा म्हणालीस?"

खोटं बोलायला आता तिथे दुसरं कुणी नव्हतं. "मी कुठली काय म्हणतेय," मावशी म्हणाल्या. "तोंडात कापूस होता, म्हणून गप्प बसले. तेवढ्यात तो उरकून मोकळा झाला."

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली, आणि दुसरीकडे बघत विचारलं,

"त्यातला थोडा कापूस उरलाय का गं?"